पुरेसे म्हणजे किती?

हल्ली घरात कॉम्प्युटर आणत नाहीत, बांधतात. निदान ज्या घरात खेळांचे वेड असलेला मुलगा किंवा मुलगी आहे, तिथे तरी हाच शब्द चालतो. आधी एक यादी तयार होते. तिच्यावर महिना-दोन महिने खल होतो. 'एवढे पैसे खेळण्यासाठी?' असे वडील विचारतात, आई मध्यस्थी करते, एखादा मामा थोडी भर घालतो आणि शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपापल्या गावच्या बाजारात वरात निघते. नोकरीनिमित्ताने माझा विजेच्या उपकरणांशी बराच संबंध आला असल्यामुळे अशा याद्या माझ्याकडे 'जरा नजर टाका' म्हणून येत असतात. मला सवय अशी लागली आहे, की यादी मी खालून वाचतो. वरच्या ओळी वाचाव्या लागत नाहीत. तिथे प्रोसेसरचे पूर्ण नाव असते, ग्राफिक्स कार्डाचे नाव आकड्यांसह असते, पंख्यांचे रंगसुद्धा लिहिलेले असतात. अगदी तळाशी मात्र बहुतेक वेळा तीनच शब्द असतात : 'एसएमपीएस - ५०० वॅट'. कंपनी नाही, मॉडेल नाही, वॉरंटी नाही.

आजचा विषय हा तळाचा डबा आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण तो तेवढाच नाही. ज्या गोष्टीवर सगळे उभे आहे आणि जी दिसत नाही तिच्यासाठी आपण पैसे का काढत नाही, आणि एकदा काढायचे ठरवले की भीतीपोटी गरजेच्या दुप्पट का काढतो, असा तो प्रश्न आहे. लग्नाच्या मांडवात झुंबरे भाड्याने आणायची आणि वायरिंग मात्र ओळखीच्या पोराकडून फुकटात करून घ्यायचे, हा आपला जुना खाक्या. कॉम्प्युटरच्या बाबतीत तो नव्याने दिसतो इतकेच.

आधी हा डबा करतो काय ते पाहू. आपल्या भिंतीतून येते ती २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना हवी असते ती एकाच दिशेने वाहणारी, १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, अत्यंत स्थिर वीज. हे रूपांतर करणारा तो एसएमपीएस. स्थिर म्हणजे किती स्थिर? आजच्या कॉम्प्युटरचा ढाचा ज्या एटीएक्स नियमावलीवर उभा आहे तिच्यानुसार १२ व्होल्टची वीज ठरलेल्या अरुंद मर्यादेच्या खाली किंवा वर जाता कामा नये. त्या विजेवर उठणारे बारीक तरंगसुद्धा १२० मिलिव्होल्टच्या आत राहिले पाहिजेत. म्हणजे भिंतीकडची वीज कितीही बेभरवशाची असो, आतल्या लाखभर रुपयांच्या सामानाला ती कळूच द्यायची नाही, ही या डब्याची नोकरी. घरातल्या एखाद्या कर्त्या बाईसारखी. ती आहे तोवर कुणाच्या लक्षात येत नाही आणि ती आजारी पडली की घर बसते.

ही एटीएक्स नियमावली इंटेलने १९९५ साली आणली. त्या काळी कॉम्प्युटरचा बहुतेक भार ५ आणि ३.३ व्होल्टवर असे. २००० सालानंतर प्रोसेसरची भूक वाढली आणि भार १२ व्होल्टवर सरकला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन खादाड पाहुणे जवळपास सगळे १२ व्होल्टच्याच पंगतीला बसतात. हे एवढे कळले, की बाजारातली निम्मी लबाडी उघडी पडते. कॅबिनेटबरोबर 'फ्री' मिळणारे, किंवा सुटे घेतले तर हजाराच्या आत येणारे डबे हातात घेऊन त्यांच्यावरचे लेबल वाचा. वर ठळक अक्षरांत '४५० वॅट' किंवा '५०० वॅट' लिहिलेले असते. खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपियर असा आकडा मी स्वतः अनेकदा वाचला आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत, म्हणजे जिथे आता फारसे कुणी जेवायला येत नाही तिथे वाढून ठेवलेले असतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण जणू या लेबलासाठीच केली असावी. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या डब्यावर याच रकान्यात ४५ अँपियरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॅट. हा गुणाकार चौथीतल्या मुलाला येतो. दुकानात उभे राहून तो करायला मात्र आपल्याला संकोच वाटतो.

आता पुरेसे म्हणजे किती? याचेही गणित अवघड नाही. मध्यमवर्गीय घरात परवडेल असा एक नमुना घेऊ. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर. त्याच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असले तरी जोर लागल्यावर तो ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड; ते ११५ वॅट घेते. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे या सर्वांचे मिळून साठ-सत्तर धरा. बेरीज जाते २७० वॅटच्या आसपास. यावर निम्मा वाव ठेवला तरी ४०० वॅट होतात. म्हणजे खरेखुरे ४५० किंवा ५५० वॅट देणारा डबा इथे भरपूर झाला. त्या कार्डासाठी कंपनीही ५५० वॅटचीच शिफारस करते, आणि त्या आकड्यात ग्राहकाकडे कोणता प्रोसेसर असेल आणि कसला एसएमपीएस असेल याची धास्तीही धरलेली असते. दुसऱ्या टोकाचा नमुना घ्या. कोअर आय९ १४९००के हा प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत चढतो, आरटीएक्स ४०९० हे कार्ड ४५० वॅट घेते. इतर सामान धरून बेरीज आठशेच्या घरात जाते. तिथे १००० वॅटचा डबा घेणे ही चैन नव्हे, गरज आहे. २०२५ च्या जानेवारीत आलेले आरटीएक्स ५०९० तर एकटेच ५७५ वॅट घेते आणि त्याच्यासाठी कंपनीची शिफारसच १००० वॅटची आहे.

पण पहिल्या नमुन्याच्या यादीतही हल्ली ८५० आणि १००० वॅटचे डबे दिसू लागले आहेत. 'पुढे लागेल', 'असू दे जास्तीचे', 'कमी पडायला नको'. दुकानदाराला यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. लोकांचा असाही समज आहे की, हजार वॅटचा डबा सतत हजार वॅट ओढतो आणि बिल वाढवतो. तसे होत नाही. कॉम्प्युटर मागेल तेवढेच तो देतो. नुकसान असते ते निराळे. दोनशे सत्तर वॅटच्या संसाराला हजार वॅटचा डबा घेतला तर जास्तीचे चार-पाच हजार रुपये कधीही न वापरल्या जाणाऱ्या ताकदीत अडकतात. त्याच पैशांत त्याच वॅटचा, पण वरच्या प्रतीचा आणि दुप्पट वॉरंटीचा डबा आला असता. आकडा मोठा असणे आणि वस्तू चांगली असणे यांत आपण गल्लत करतो. मग कंपन्याही आकडाच विकतात.

वाव ठेवायचा तो नेमका कशासाठी, हेही समजून घेतले पाहिजे. आधुनिक ग्राफिक्स कार्ड सरळ चालीने वीज घेत नाही. खेळात एखादा स्फोट झाला, एकदम दृश्य बदलले, की क्षणाच्या अतिसूक्ष्म भागापुरती त्याची मागणी लिहिलेल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळते. २०२० साली आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ही कार्डे आली, तेव्हा चांगल्या म्हणवणाऱ्या डब्यांवरसुद्धा ऐन खेळात कॉम्प्युटर बंद पडल्याच्या तक्रारी जगभरातून झाल्या. त्या उसळीला डबा जादा भार समजत होता आणि स्वतःला मिटून घेत होता. म्हणून २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० नियमावलीत अशी अट आली, की नव्या जोडणीचा डबा १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भारही सोसू शकला पाहिजे. आज महागडे कार्ड घेणाऱ्याने वॅट वाढवण्याआधी डब्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिले आहे का, ते पाहावे.

माझ्या परिचयातल्या एका कुटुंबात याहून साधे, पण याच जातीचे दुखणे झाले होते. मुलाचा नवा कॉम्प्युटर अभ्यासाच्या वेळी गुणी बाळासारखा चाले आणि खेळ रंगात आला की पट्कन बंद पडून पुन्हा सुरू होई. दुकानदाराने विंडोज पुन्हा घातले, मग मेमरी बदलली, मग खेळाची प्रतच खराब असल्याचे सांगितले. तीन महिने गेले. या तीन महिन्यांत त्या घरात जो संशय वाढला तो मला जास्त लागला. वडिलांना वाटे, पोराने काहीतरी बिघडवले. मुलाला वाटे, आपण निवडलेले कार्डच वाईट निघाले. शेवटी डबा बदलला आणि दुखणे थांबले. कॉम्प्युटर बंद पडण्याचे कारण दर वेळी एसएमपीएसच असतो असे नाही, हे मी आवर्जून सांगतो. पण संशयितांच्या रांगेत त्याला शेवटी उभे करण्याची आपली पद्धत मात्र चुकीची आहे.

मग चांगला डबा ओळखायचा कसा? बहुतेकांचे बोट '८० प्लस'च्या पदकाकडे जाते. ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम. ही योजना २००४ साली अमेरिकेत सुरू झाली ती वीज वाचवण्यासाठी. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कॉम्प्युटरला पोचते आणि किती उष्णतेत वाया जाते, एवढेच ती मोजते. साध्या पदकाला ८० टक्के, तर गोल्डला तिकडच्या ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ९० टक्के पोचावी लागते. याचा हिशेब घरीच करून पाहा. कॉम्प्युटरला ४०० वॅट लागत असतील तर पहिला डबा भिंतीतून ५०० वॅट घेईल, दुसरा ४४५. रोज चार तास खेळले तर वर्षाला सुमारे ८० युनिटांचा फरक पडतो. युनिटला दहा रुपये धरले तर आठशे रुपये. पाच-सहा वर्षांत महाग डब्याची किंमत बरीचशी वसूल होते. ही गोष्ट चांगलीच आहे. पण काटकसर म्हणजे भरवसा नव्हे.

याचा धडा २०२१ साली साऱ्या जगाला मिळाला. गिगाबाइट या नामांकित कंपनीचे जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम हे डबे. दोन्हींवर गोल्डचे पदक. त्या काळात ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता आणि अमेरिकेत कार्ड हवे असेल तर त्याच्यासोबत हा डबा गळ्यात मारला जाई. 'गेमर्स नेक्सस'सारख्या परीक्षकांनी ते तपासले तेव्हा त्यांतले काही भाराखाली ठिणग्या उडवून फुटले. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने डबे बदलून देण्याची तयारी दाखवली आणि जादा भार ओळखून बंद होण्याची मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवरून ११० ते १२० टक्क्यांवर आणल्याचे सांगितले. पदक खोटे नव्हते. ते दुसऱ्याच गुणाचे होते. तेव्हा पाहायचे ते पदकाच्या पलीकडे : जादा भार, जादा व्होल्टेज, शॉर्ट सर्किट आणि जादा उष्णता यांपासून संरक्षण आहे का; लिहिलेले वॅट किती तापमानाला मिळतात; आणि वॉरंटी तीन वर्षांची आहे, पाचची की दहाची. तापमानाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. ८० प्लसची चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे माळ्याखालच्या खोलीत, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये काय तापमान असेल त्याची कल्पना करा. '४० अंशांना' किंवा '५० अंशांना पूर्ण वॅट' असे जिथे छापलेले आहे, त्या डब्याला आपण दोन रुपये जास्त द्यावेत.

जोडणीतही काळजी हवी. २०२२ साली आरटीएक्स ४०९० ची वीजजोडणी वितळल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडिया कंपनीने सुमारे पन्नास प्रकरणे आपल्यापर्यंत आल्याचे आणि पिन पूर्ण आत न बसणे हे त्यातले सर्वांत मोठे कारण दिसत असल्याचे सांगितले. पुढे त्या पिनची रचनाच सुधारावी लागली. पिन शेवटपर्यंत दाबून बसवणे आणि तिच्याजवळ वायर मुडपून न ठेवणे याला एक पैसाही पडत नाही. तसेच एका कंपनीच्या डब्याच्या सुट्या केबल दुसऱ्या कंपनीच्या डब्याला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसतात, आतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो आणि डिस्क क्षणात जळते.

आणि भिंतीकडचे काय? चांगला डबाही शेवटी आपल्या घरातल्या वायरिंगवरच अवलंबून असतो. तिसऱ्या पिनेला खरे अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर वीज तरंगत राहते आणि हात लावला की मुंग्या येतात. जुन्या वाड्यांत, चाळींत हा अनुभव इतका सर्रास आहे, की लोकांना तो कॉम्प्युटरचा स्वभाव वाटतो. तो धोक्याचा इशारा आहे. मेच्या अखेरीस वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवणे हे कोणत्याही स्पाइक गार्डपेक्षा उत्तम. यूपीएसच्या खोक्यावरचा ६०० हा आकडाही व्हीएचा असतो, वॅटचा नव्हे. असे बरेच यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच दमतात. लोडशेडिंगच्या काळात, २००६-०७ च्या सुमारास, घरोघरी घेतलेली ही यंत्रे साध्या कॉम्प्युटरपुरती ठीक होती. खेळाच्या कॉम्प्युटरला ती कमी पडतात. काही एसएमपीएसना तर स्वस्त यूपीएसची ओबडधोबड लहर मानवत नाही. वीज गेली की यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळे ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांच्यासाठी. चार-पाच हजार ही आमच्या घरात लहान रक्कम नाही. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण तो खरा आहे. पण माझे म्हणणे नेमके उलट आहे. ज्याचे कार्ड जळाले तर तो उद्या दुसरे आणू शकतो, त्याने डब्यात काटकसर केली तर एक वेळ चालेल. ज्याच्या घरात हा कॉम्प्युटर एकदाच येणार आहे, त्यावरच मुलगा खेळणार, मुलगी प्रोजेक्ट करणार आणि वडील हिशेब ठेवणार, त्याला ती काटकसर परवडणारी नाही. पैसे कमीच असतील तर काचेचे कॅबिनेट सोडा, रंगीत पंखे सोडा, कार्ड एक पायरी खालचे घ्या. कार्ड चार वर्षांनी जुने होणारच आहे. चांगला एसएमपीएस मात्र दुसऱ्या कॉम्प्युटरलाही कामी येतो.

दुकानदाराला सरसकट चोर ठरवणे सोपे आहे. मला ते पटत नाही. आपण 'एकूण किती?' एवढेच विचारतो आणि शेजारच्या दुकानात पाचशे रुपये कमी मिळाले की तिकडे वळतो. मग ते पाचशे तो कुठून काढणार? जी वस्तू गिऱ्हाईक पाहत नाही तिथूनच. तेव्हा मागणी बदलली पाहिजे ती आपण. यादीत एसएमपीएसचे नाव प्रोसेसरइतकेच पूर्ण लिहा. बिलावर कंपनी, मॉडेल आणि वॉरंटीची मुदत लिहून मागा; '५०० वॅट' एवढेच लिहिलेले बिल घेऊ नका. आणि डबा आत बसवण्याआधी तो हातात घेऊन १२ व्होल्टचा रकाना मुलाला मोठ्याने वाचायला लावा. गुणाकार त्यालाच करू द्या.

मुलाच्या यादीकडे आपण नाक मुरडतो, 'खेळासाठी कशाला एवढे?' म्हणतो. पण कशाला किती लागते याची बेरीज करणे, वाव किती ठेवायचा ते ठरवणे, मोठ्या आकड्याला न भुलणे आणि फुकट मिळालेल्या वस्तूकडे संशयाने पाहणे, हे शिक्षण शाळेत मिळत नाही. पुढे घर घेताना आणि कर्ज काढताना तेच उपयोगी पडणार आहे. ते या निमित्ताने घरी मिळत असेल तर त्या यादीवर एक रविवार खर्च करायला हरकत नाही.